शिफारसपत्र म्हणजे वशिल्याची चिठ्ठी नव्हे! (परदेशी तंत्रज्ञान व्हिसाच्या निमित्ताने)



दिवाळीच्या सुट्टीत एक जुना विद्यार्थी घरी आला होता. लवासाच्या अलीकडे, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी त्याची वाडी. दहावीपर्यंत माझ्याकडे भाषा विषय शिकला, पुढे इंजिनिअर झाला आणि आता हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आपल्या मुळशी तालुक्याची गंमतच आहे. एका टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या टोकाला मोसे नदीचं खोरं आणि लवासा. या मुलाने दोन्ही टोकं पाहिलेली.

फराळ झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. "बाई, ब्रिटनच्या व्हिसाला अर्ज करतोय. तीन शिफारसपत्रं लागतात, ती आलीत. जरा इंग्रजी तपासून द्या ना."

मी वाचायला घेतली. पहिलं पत्र त्याच्या आधीच्या कंपनीतल्या वरिष्ठांचं, दुसरं कॉलेजमधल्या प्राध्यापकांचं, तिसरं एका छोट्या कंपनीच्या संस्थापकांचं. तिन्हींत तो 'अत्यंत तळमळीचा', 'दूरदृष्टीचा' आणि 'क्रांती घडवणारा'. आणि तिन्हींत त्याच्याच अ‍ॅपच्या नावाचं स्पेलिंग एकाच ठिकाणी चुकलेलं!

आता तीस वर्षं पेपर तपासणाऱ्या बाईला हे कळायला किती वेळ लागणार? कॉपी कधी बरोबर उत्तरावरून पकडली जात नाही, ती सारख्या चुकीवरून पकडली जाते. मी विचारलं, "अरे, ही तिन्ही पत्रं तूच लिहिलीस ना?"

तो जरा वरमला. म्हणाला, "बाई, सगळे असंच करतात. त्यांनीच सांगितलं, मजकूर पाठव, आम्ही सही करतो."

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी त्या व्हिसाची अधिकृत नियमावली वाचून काढली. त्यातून मला जे समजलं ते इथे मांडते. कारण आज ना उद्या तुमच्याकडेही असा एखादा विद्यार्थी येणार आहे. आणि खरं सांगायचं तर शिफारसपत्र कसं लिहायचं हे आपण शिक्षकांनाही कुणी कधी शिकवलेलं नाही.

हा व्हिसा आहे तरी काय?

परदेशात नोकरीसाठी जायचं म्हणजे आधी तिथली कंपनी नोकरी देते, मग तिच्या आधारावर व्हिसा मिळतो, एवढंच आपल्याला माहीत असतं. ब्रिटनचा 'ग्लोबल टॅलेंट' व्हिसा वेगळा आहे. तो २०२० साली सुरू झाला. त्यासाठी हातात नोकरी असावी लागत नाही. तुमचं काम तुमच्या क्षेत्रात उठून दिसणारं आहे, हे पटवून द्यावं लागतं.

हे ठरवण्यासाठी क्षेत्रानुसार मान्यता देणाऱ्या संस्था नेमलेल्या आहेत. विज्ञानासाठी रॉयल सोसायटीसारख्या संस्था, कलांसाठी आर्ट्स कौन्सिल इंग्लंड आणि डिजिटल तंत्रज्ञानासाठी टेक नेशन. या संस्थेने मान्यता दिली की मग सरकार व्हिसाचा विचार करतं. तंत्रज्ञान विभागात दोन गट आहेत. ज्यांनी आधीच नाव कमावलंय ते 'असाधारण गुणवत्ता' या गटात, आणि जे कारकिर्दीच्या सुरुवातीला आहेत पण ज्यांच्यात तशी शक्यता दिसते ते 'असाधारण क्षमता' या गटात. आमचा मुलगा दुसऱ्या गटातला.

अर्जासोबत स्वतःचा थोडक्यात परिचय, कामाचे जास्तीत जास्त दहा पुरावे आणि तीन शिफारसपत्रं द्यावी लागतात. मुलाखत नसते. म्हणजे समोरचा माणूस तुम्हाला कधीच पाहत नाही, तो फक्त कागद वाचतो. म्हणून त्या तीन पत्रांना एवढं वजन!

अमेरिकेतही 'असाधारण क्षमता' असणाऱ्यांसाठीच्या ओ-१ आणि ईबी-१ या वर्गांत तज्ज्ञांची पत्रं जोडतात. नियम वेगळे आहेत, पण चांगल्या पत्राची लक्षणं जवळजवळ तीच.

आधी तीन कागदांतला फरक समजून घेऊ

आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो.

१) अनुभवाचा दाखला : अमुक माणूस अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे अमुक पदावर होता. हा कंपनीचा कार्यालयीन कागद. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगार योजनांत कामाचं स्वरूप सविस्तर लिहिलेला असा दाखला मागतात. यात मत नसतं, नोंद असते.

२) वर्तणुकीचा दाखला : आपण शाळेत देतो तो. 'माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे.' हा साचा ठरलेला, फक्त नाव बदलायचं.

३) शिफारसपत्र : यात लिहिणारा माणूस स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ज्ञानावर एक मत देतो आणि ते मत का झालं हे सांगतो.

आपण बहुतेक वेळा तिसऱ्याच्या जागी दुसरा कागद लिहितो. 'मेहनती, प्रामाणिक, नम्र, सर्वांशी मिळून मिसळून वागणारा.' हे वर्णन वर्गातल्या चाळीसपैकी तीस मुलांना लागू पडतं. जे तीस जणांना लागू पडतं, ते एकाची निवड करायला काय कामाचं?

आणखी एक. 'शिफारस' हा शब्द आपल्या कानांना वशिल्यासारखा ऐकू येतो. मोठ्या माणसाची चिठ्ठी आणली की काम झालं! म्हणून मुलं काम माहीत असलेल्या माणसाऐवजी मोठी खुर्ची शोधत फिरतात. इथे तो हिशेब चालत नाही. मोठ्या पदावरच्या माणसाने चार गुळगुळीत ओळी लिहिल्या, तर वाचणाऱ्याला एवढंच कळतं की या साहेबांना हा मुलगा फारसा माहीत नाही.

पत्र कुणी लिहायचं?

मुलाने आधी मलाही विचारलं होतं, "बाई, एक पत्र तुम्ही देता का?" मला मनातून बरं वाटलं, पण नियम वाचल्यावर कळलं की माझं पत्र तिथे चालणार नाही. पत्र देणारी व्यक्ती डिजिटल तंत्रज्ञान क्षेत्रातली नावाजलेली तज्ज्ञ हवी. तिला अर्जदाराचं काम किमान बारा महिन्यांपासून माहीत असायला हवं. आणि तिन्ही पत्रं वेगवेगळ्या संस्थांमधल्या तीन वेगवेगळ्या व्यक्तींची हवीत. भाषा शिकवणाऱ्या बाईला मुलगा बारा वर्षं माहीत असला, तरी त्याच्या प्रोग्रामिंगचा दर्जा ती काय सांगणार?

तीन माणसं निवडताना आम्ही अशी वाटणी केली :

- एक, ज्याने काम जवळून पाहिलंय. प्रत्यक्ष काम करून घेणारा तांत्रिक प्रमुख. 'हे याने केलं, असं केलं' हे तोच सांगू शकतो.
- दोन, ज्याने ते काम वापरलंय. दुसऱ्या कंपनीतला असा माणूस, ज्याच्या कामावर त्याचा परिणाम झाला.
- तीन, ज्याचा या मुलाशी पगाराचा किंवा धंद्याचा संबंध नाही, पण जो क्षेत्रातला जाणकार आहे आणि ज्याने हे काम बाहेरून पाहिलंय. परिषदेत, खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात किंवा कुठल्या स्पर्धेचा परीक्षक म्हणून.

कॉलेजच्या प्राध्यापकांचं पत्र आम्ही बाजूला ठेवलं. ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी पाहिलेलं काम म्हणजे सात वर्षांपूर्वीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. त्यानंतर भेट नाही. अर्जात मात्र गेल्या पाच वर्षांतलं काम दाखवायचं असतं.

पत्रात काय काय हवं?

नियमावलीत मागितलेल्या गोष्टी आणि त्यांच्यामागचं कारण असं :

१) लिहिणाऱ्याची ओळख. मी कोण, या क्षेत्रात किती वर्षं आहे, काय काम केलंय. वाचणारा आधी हेच विचारतो, 'हे सांगणारे तुम्ही कोण?' पण ही ओळख एका परिच्छेदात संपली पाहिजे. काही पत्रं अर्धी लिहिणाऱ्याच्याच कौतुकात जातात.

२) अर्जदाराशी संबंध. केव्हापासून ओळखतो, कोणत्या कामामुळे ओळखतो. इथे महिना आणि वर्ष लिहावं. 'बरीच वर्षं' हे उत्तर नाही.

३) नेमकं काम. एक किंवा दोनच कामं, पण तपशिलात. अडचण काय होती, इतरांना ती का सुटत नव्हती, याने काय केलं, त्याने काय फरक पडला.

४) तुलना. 'मी आजवर पाहिलेल्या इंजिनिअरांमध्ये हा वेगळा का?' हे वाक्य फक्त तज्ज्ञच लिहू शकतो. आणि त्याचंच पत्र मागण्याचं कारणही हेच.

५) पुढचं. तिथे गेल्यावर त्याला काय फायदा होईल आणि त्या देशाच्या तंत्रज्ञान क्षेत्रात तो काय भर घालेल. हे आपल्याकडच्या पत्रांत हमखास राहून जातं.

६) सही, तारीख, संस्थेचं लेटरहेड आणि संपर्काची माहिती. पत्र तीन पानांपेक्षा मोठं नको, आणि ते या अर्जासाठीच लिहिलेलं हवं. नोकरीसाठी पूर्वी घेतलेलं पत्र वरचं नाव बदलून चालत नाही.

नियम वरचेवर बदलतात. म्हणून अर्ज करताना ब्रिटन सरकारच्या आणि टेक नेशनच्या संकेतस्थळावरची त्या दिवशीची नियमावली वाचावी. कुणी फॉरवर्ड केलेल्या यादीवर विसंबू नये, माझ्या या लेखावरही नाही!

कच्चं वाक्य आणि पक्कं वाक्य

पत्रं इंग्रजीत असतात, पण मुद्दा कळावा म्हणून उदाहरण मराठीत देते. (काम खरं आहे, आकडे आणि काही तपशील मी बदलले आहेत.)

कच्चं : "त्याने आमच्या पेमेंट अ‍ॅपमध्ये मोलाचं योगदान दिलं आणि ग्राहकांचा अनुभव क्रांतिकारकरीत्या सुधारला."

पक्कं : "डोंगराळ भागातल्या दुकानदारांचं नेटवर्क मध्येच गेलं की व्यवहार अर्धवट राहत आणि कधी पैसे दोनदा कापले जात. आमच्या गटाने आधी दोन उपाय करून पाहिले, ते टिकले नाहीत. याने व्यवहाराची नोंद फोनमध्येच सुरक्षित ठेवून नेटवर्क आल्यावर ती एकदाच पुढे जाईल अशी रचना स्वतः आखली आणि पहिली आवृत्ती स्वतः लिहिली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत अशा तक्रारी महिन्याला साधारण चारशेवरून तीसवर आल्या. आज आमच्या इतर दोन अ‍ॅपमध्येही हीच रचना वापरली जाते."

फरक बघा. दुसऱ्या उताऱ्यात एकही मोठं विशेषण नाही, तरी वाचून झाल्यावर विशेषण आपल्याच मनात येतं. आपण मुलांना निबंधात हेच सांगतो ना? 'पाऊस खूप सुंदर होता' असं लिहू नकोस, पाऊस दाखव.

हे वाचल्यावर मी त्याला विचारलं, "हे नेटवर्कचं तुला सुचलं कसं?" तो हसला. "बाई, आमच्या वाडीवर कुठे रेंज होती? फोन लावायचा तर वर खिंडीत जावं लागायचं. आयटी पार्कमध्ये बसणाऱ्याला नेटवर्क जातं हे ठाऊकच नसतं." हे मूळ पत्रांत कुठेच नव्हतं! त्याच्या कामामागचं सगळ्यात खरं कारण 'दूरदृष्टी' या एका शब्दाखाली गाडलं गेलं होतं.

'आम्ही' आणि 'मी'

आपल्या मुलांना 'मी केलं' म्हणायचा संकोच वाटतो. आपणच तो संस्कार दिलाय, आणि तो वाईट नाही. पण पत्रात 'त्यांच्या टीमने केलं' एवढंच आलं, तर वाचणाऱ्याला या मुलाचा वाटा कळत नाही. उलट दहा जणांचं काम एकट्याच्या नावावर टाकणं हे खोटं. मधला रस्ता असा : गट केवढा होता ते लिहा, त्यात याने काय ठरवलं आणि काय स्वतः बनवलं ते लिहा, इतरांचा वाटा नाकारू नका. असं पत्र जास्त विश्वासार्ह वाटतं.

पत्र बोलतं, पुरावा दाखवतो

लवासात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. या शहराची छापील चित्रं एके काळी किती देखणी होती! पुढे २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दासवे भागात जे बांधून झालं ते आज दिसतं, बाकीचं चित्रातच राहिलं. ज्यांनी चित्र पाहून पैसे गुंतवले त्यांना चित्र आणि बांधकाम यांतला फरक चांगलाच कळलाय.

व्हिसाचा कागद तपासणाराही असाच सावध असतो. पत्रात लिहिलेली प्रत्येक मोठी गोष्ट अर्जातल्या एखाद्या पुराव्यात दिसली पाहिजे. पत्रात म्हटलंय की त्याने परिषदेत भाषण दिलं, तर कार्यक्रमपत्रिका जोडा. पत्रात म्हटलंय की तक्रारी कमी झाल्या, तर कंपनीच्या परवानगीने तो आलेख जोडा. आणि पत्रातली तारीख, पद, आकडा परिचयातल्या तारखेशी, पदाशी, आकड्याशी जुळला पाहिजे. पत्रात २०२१ आणि परिचयात २०२२ असेल, तर खरी गोष्टही खोटी वाटायला लागते.

मग अर्जदाराने मजकूर द्यायचाच नाही का?

हा कळीचा प्रश्न. वरिष्ठ माणसं कामात असतात, त्यांना तीन वर्षांपूर्वीच्या तारखा आठवत नाहीत. मुलाने मदत केली तर त्यात गैर नाही. पण मदत करणं आणि दुसऱ्याच्या तोंडी स्वतःचं कौतुक घालणं यात फरक आहे.

आम्ही असा मार्ग काढला. प्रत्येकासाठी एका पानाचं टिपण. त्यात फक्त नोंदी : आपण एकत्र केलेली कामं, महिने-वर्षं, माझा वाटा, उपलब्ध कागद, नियमावलीतल्या अटी आणि पत्र कधीपर्यंत हवं ती तारीख. विशेषण एकही नाही, पूर्ण वाक्यही शक्यतो नाही. आणि तिघांना तीन वेगळी टिपणं, कारण तिघांनी वेगवेगळं काम पाहिलंय. शेवटी एक ओळ : "यातली जी गोष्ट तुम्हाला स्वतःला माहीत नसेल, ती कृपया लिहू नका."

तयार मजकूर लिहून देणारी संगणकीय साधनं आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. त्यांच्याकडून तीन पत्रं लिहून घेतली, तर तिन्ही एकाच आवाजात बोलतात. वाचणाऱ्याने अशी शेकडो पत्रं पाहिलेली असतात. आणि हा नुसता शैलीचा प्रश्न नाही. तीन साक्षीदारांची साक्ष म्हणून तीन पत्रं मागतात. तिन्ही एकाच माणसाने लिहिली, तर साक्षीदार एकही उरला नाही. खोटे कागद दिल्याचं सिद्ध झालं तर अर्ज तर जातोच, पुढे कित्येक वर्षं पुन्हा अर्ज करण्यावर बंदीही येऊ शकते. सही करणाऱ्याचं नावही जातं ते वेगळंच.

आपण शिक्षक यात कुठे?

माझं पत्र चाललं नाही, म्हणून शिक्षकाचं काम संपलं असं नाही. आपल्याकडे याचं मोठं उदाहरण आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकर या मुलाकडे त्यांचं लक्ष गेलं. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे शिक्षण पैशांवाचून अडायला लागलं, तेव्हा हेच गुरुजी त्यांच्यासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकायला गेले. महाराजांनी मुलाला समोर बोलावलं, प्रश्न विचारले आणि दरमहा पंचवीस रुपयांची मदत मंजूर केली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी १९१६ साली लंडनमधल्या विद्वानांसाठी त्यांना पत्र दिलं.

दोन शिफारशी, दोन वेगळी माणसं. शिक्षकाने मुलाची भूक ओळखून दार ठोठावलं, आणि तज्ज्ञाने तज्ज्ञाला त्याच्या अभ्यासाचा दर्जा सांगितला. केळुसकरांच्या शब्दानंतरही महाराजांनी मुलाला स्वतः पारखलंच. शिफारस दारापर्यंत नेते, आत जायचं ते स्वतःच्या बळावर.

आपल्यालाही बारावीनंतर पत्रं लिहावी लागतात : शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी, परदेशी प्रवेशासाठी. लवासात ख्राईस्ट विद्यापीठाचं आवार आहे, तिथल्या प्राध्यापकांकडेही उच्च शिक्षणाला जाणारी मुलं पत्रं मागत असतील. त्यासाठी मी या वर्षीपासून एक वही ठेवली आहे. मुलाने वेगळं काही केलं की दोन ओळी, तारखेसह. 'हुशार आहे' असं लिहायचं नाही, काय केलं ते लिहायचं. चार वर्षांनी पत्र मागायला आला, की माझ्याकडे विशेषणं नाही, घटना असतील.

वर्गात करण्यासारखा एक उपक्रमही सांगते. नववीच्या मुलांना जोड्या लावून द्या. प्रत्येकाने शेजारच्याची शिफारस करणारं दहा ओळींचं पत्र लिहायचं. अट एकच : 'हुशार, चांगला, मेहनती, प्रेमळ' हे शब्द वापरायचे नाहीत. मी हे करून पाहिलं. पहिली दहा मिनिटं वर्ग गप्प होता. मग एकीने लिहिलं, "तिची आई आजारी होती तेव्हाही ती रोज शाळेत आली आणि उशीर झाला तर दारात उभं राहून पहिला तास ऐकत राहिली." हे पक्कं वाक्य!

पालकांसाठी दोन शब्द

मुलांच्या कामाचे कागद जपून ठेवा : प्रमाणपत्रं, कार्यक्रमपत्रिका, कामाचे ईमेल. आणि ओळखीतल्या मोठ्या माणसाकडे पत्रासाठी शब्द टाकण्याआधी एक प्रश्न विचारा, 'यांनी आपल्या मुलाचं काम पाहिलंय का?' नसेल पाहिलं, तर त्यांना अडचणीत टाकू नका. पत्र हमखास मिळवून देतो म्हणून पैसे मागणारे एजंट भेटले, तर दोन हात लांबच राहा.

शेवटी...

मुलाने जुनी तिन्ही पत्रं बाजूला ठेवली. टिपणं पाठवली. एकाने स्पष्ट सांगितलं, "मला एवढा वेळ नाही, दुसरा कुणी बघ." त्याचं त्याला वाईट वाटलं, पण मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं. दुसरा माणूस शोधण्यात दीड महिना गेला आणि अर्ज तेवढा लांबला.

गेल्या आठवड्यात नवीन तीन पत्रं त्याने मला दाखवली. एक रोखठोक, आकड्यांनी भरलेलं. एक जरा फाफटपसारा असलेलं, पण जिव्हाळ्याचं. आणि एकात त्याची एक उणीवही लिहिलेली होती : गर्दीसमोर बोलायला अजून बिचकतो. तो घाबरून म्हणाला, "बाई, हे काढायला सांगू का?"

मी म्हटलं, "राहू दे रे. या एका ओळीमुळे बाकीचं सगळं खरं वाटतंय."

अर्ज गेलाय. निकाल यायचाय. काय लागेल ते लागो, त्या तीन कागदांवर आता तीन माणसं बोलताहेत.

तुम्ही लिहिलेल्या किंवा तुम्हाला मिळालेल्या एखाद्या चांगल्या पत्राचा अनुभव असेल, तर जरूर कळवा. वर्गातला उपक्रम करून पाहिलात, तर मुलांनी काय लिहिलं तेही सांगा.